नववीच्या वर्गाचं दुकान

शाळेच्या फाटकाला लागून विजेचा एक खांब होता आणि त्या खांबाला लागून पेनमावशींचं टेबल. टेबल म्हणजे काय, एका जुन्या दाराची फळी आणि तिच्याखाली दोन लाकडी घोडे. सकाळी सातच्या आत मावशी फळी मांडायच्या आणि शाळा सुटून शेवटचं पोर घराकडे वळलं की उचलायच्या. फळी आणि घोडे पहारेकऱ्याच्या खोलीमागे भिंतीला टेकवून ठेवलेले असत. माल मात्र पत्र्याच्या पेटीत घालून रोज घरी न्यायचा, रोज परत आणायचा. अशी एकोणीस वर्षं झाली होती.

मालही काही फार नव्हता. पेनं, रिफिली, पेन्सिली, खोडरबर, पट्ट्या, आलेखाचे कागद, कोरे नकाशे, वह्यांची कव्हरं, डिंकाच्या बाटल्या. पेन विकायच्या आधी मावशी रद्दी कागदाच्या पॅडवर ते चालवून दाखवायच्या आणि मग पोराच्या हातात देऊन म्हणायच्या, “तू लिहून बघ. माझ्या हाताला चांगलं वाटलं म्हणून तुझ्या हाताला वाटेल असं नाही.” पोरं त्या पॅडवर स्वतःचं नाव लिहायची, मित्राचं टोपणनाव लिहायची, कधी गणिताच्या मास्तरांचं चित्रही काढायची. मास्तर स्वतः खडू-डस्टर सांभाळत पेन घ्यायला आले की मावशी हळूच पॅडचं पान उलटायच्या.

याशिवाय जे विकायचं नव्हतं तेही टेबलावर होतंच. कंपासचा ढिला स्क्रू आवळून मिळायचा. सदऱ्याचं बटण तुटलं तर पोर तिथंच उभं राहायचं आणि मावशी अंगावरच बटण शिवून द्यायच्या. “हलू नकोस, नाहीतर पोटाला टाका घालीन,” असा दम देत. परीक्षेच्या दिवशी दोन पेनं खास वेगळी ठेवलेली असत, पेन घरी विसरून धावत येणाऱ्यासाठी. ती परत आली तर आली.

मावशी या धंद्यात हौसेनं आल्या नव्हत्या. त्यांचे यजमान पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होते. सगळे त्यांना बाइंडरच म्हणत. पानं जुळवायची, शिवायची, पुठ्ठा चढवायचा, पाठीवर कापड डकवायचं, सगळं हातानं. मग कारखान्यात एक यंत्र आलं आणि बारा माणसांना एकाच दुपारी घरी पाठवलं. बाइंडर तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. पुठ्ठे चिकटवायच्या सरसाच्या वासानं छाती आधीच धरलेली, आणि दुसरं काही येत नव्हतं. ते आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. नवव्या दिवशी मावशींनी त्यांच्या शेवटच्या पगारातून चार डझन पेनं आणली आणि मुलीच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. मुलगी सहावीत होती. पहिला महिनाभर ती आईला ओळख न दाखवता फाटकातून आत जायची. पुढं तिलाच त्याचं वाईट वाटलं. मधल्या सुट्टीत ती टेबलाशी येऊन उभी राहायला लागली, डबा तिथंच खायला लागली. ती शिकली, लग्न होऊन लांब गेली, रविवारी फोन करायची. टेबल मात्र तिथंच राहिलं.

शाळेनं मावशींना कधी हाकललं नाही, पण कधी आतही बोलावलं नाही. मावशींना त्याचं काही वाटत नसे. फाटकाच्या बाहेर त्यांचं राज्य होतं.

त्या वर्षी नववीला एक नवा विषय लागला. पुस्तकावर त्याचं नाव लांबलचक होतं, उद्योजकता आणि लघुव्यवसाय कौशल्यं. पोरांनी त्याचा पहिल्याच आठवड्यात ‘धंद्याचा तास’ करून टाकला. शिकवायला एक नवे सर आले, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे, एका वर्षाच्या करारावर. सरांचा उत्साह असा की फाटकातून आत येतानासुद्धा ते चालत नसत, धावत असत. मावशींना पहिल्या दिवसापासून ते आवडले, कारण ते रोज नमस्कार करत. बाकीचे शिक्षक मान हलवत.

एक दिवस तेच सर सात-आठ मुलं घेऊन टेबलाशी आले. प्रत्येकाच्या हातात वही.

“मावशी, आम्हाला तुमचा थोडा वेळ हवाय,” सर म्हणाले. “यांना जवळच्या एका छोट्या व्यावसायिकाची मुलाखत घ्यायची आहे. मी म्हटलं, इतक्या जवळ मावशी असताना लांब कशाला जायचं?”

“माझी मुलाखत?” मावशींनी इकडंतिकडं पाहिलं, आणि उगाचच फळीवरची धूळ पुसली. “अहो, मी कसली व्यावसायिक? पेनं विकते मी.”

“तेच तर.”

पुढं एक चष्मेवाली मुलगी होती. वर्गात पहिली-दुसरी येणारी असणार हे तिच्या वहीच्या समासावरूनच कळत होतं. मावशी तिला पाचवीपासून ओळखत होत्या. निळ्या शाईचं बारीक टोकाचं पेन, महिन्याला दोन रिफिली, खोडरबर कधीच नाही. तिच्या मागं एक लंबू उभा होता. तो वहीत काहीच लिहीत नव्हता, पण त्याची नजर टेबलावरून एकसारखी फिरत होती.

“मावशी, तुम्ही रोज कुठला माल किती आणायचा हे कसं ठरवता?” चष्मेवालीनं विचारलं.

हा प्रश्न मावशींना एकोणीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. बाइंडरांनीही नाही. त्यांना एकदम भरून आलं, आणि मग त्या बोलायला लागल्या त्या थांबेचनात.

“अगं, तुमचं वेळापत्रक मला तुमच्यापेक्षा पाठ आहे. मंगळवारी आठवी ‘ब’ला भूमिती असते, त्या दिवशी पेन्सिली जास्त. बुधवारी सातवीला चित्रकला; ब्रश आठ नंबरचेच आणायचे, कारण बाई तेच सांगतात. गुरुवारी भूगोल, तेव्हा नकाशे. आणि भूगोलाच्या बाई रजेवर असल्या की नकाशे आणायचेच नाहीत. बाई रजेवर आहेत हे मला आदल्या दिवशीच कळतं.”

“कसं?”

“त्यांना खोकला लागला की दुसऱ्या दिवशी त्या येत नाहीत.”

पोरं हसली. वह्यांवर पेनं भराभर धावत होती, आणि ती सगळी पेनं मावशींनीच विकलेली होती. लंबूनं मान वर केली. “आणि तुम्ही माल घेता कुठून?”

मावशींनी ठोक व्यापाऱ्याचं दुकान सांगितलं, गल्ली सांगितली, कुठल्या वारी गेलं की गर्दी नसते तेही सांगितलं. वर म्हणाल्या, “माझं नाव सांगा. म्हणावं, पेनमावशींनी पाठवलंय. तो वाजवी लावेल.”

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पेटी दाराशीच ठेवली आणि चहा टाकता टाकता सगळं बाइंडरांना सांगितलं. बाइंडर खिडकीशी बसून जुन्या वहीची पाठ शिवत होते; हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून ते अजून शिवत असत.

“आज माझ्यावर धडा घेतला हो नववीनं,” मावशी म्हणाल्या.

“सगळं सांगितलंस?”

“सगळं. लपवायचं काय त्यात? मी काय सोनं विकते?”

बाइंडरांनी दोरा दातानं तोडला. “यंत्र आणलं त्याच्या आधी एक माणूस आला होता कारखान्यात,” ते म्हणाले. “चांगला होता बिचारा. दोन दिवस माझ्याशेजारी स्टुलावर बसून कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते लिहून घेत होता. मी त्याला चहा पाजला होता.”

“तुमचं आपलं काहीतरीच. पोरं आहेत ती,” मावशी म्हणाल्या, आणि कप त्यांच्यासमोर ठेवला.

सहामाहीची सुट्टी संपली. पहिल्या दिवशी मावशी नेहमीपेक्षा जास्त माल घेऊन गेल्या. सुट्टीनंतर निम्म्या शाळेची पेनं हरवलेली असतात. त्या दिवशी खप बरा झाला. पण त्या आठवड्याच्या शेवटी पाचवीतला एक मुलगा फाटकाशी येऊन नुसताच उभा राहिला. मावशींनी सवयीनं खोडरबर पुढं केलं.

“नको,” तो म्हणाला. “आत घेतलं मी. दुकानातून.”

“कुठल्या दुकानातून?”

“दादांच्या. जिन्याखाली.”

मावशींनी पहारेकऱ्याला विचारलं, तेव्हा खुलासा झाला. जिन्याखालच्या कोपऱ्यात नववीनं दुकान थाटलं होतं. काचेचं कपाट, रंगीत पाटी, दोन मुलं विकायला, एक मुलगी वहीत नोंद करायला. धंद्याच्या तासाचं हे प्रात्यक्षिक होतं आणि त्याला अर्धे गुण होते.

मावशींना राग आला नाही, हे खरं सांगायला हवं. उलट थोडं कौतुकच वाटलं. दोन दिवसांनी चष्मेवाली धावत टेबलाशी आली. तिच्या बोटांना निळी शाई लागली होती.

“मावशी, आमच्या रिफिली गळतात. अख्खा डबा खराब झाला. काय करायचं?”

“उन्हात ठेवल्या होत्यास का?”

“खिडकीत होतं कपाट.”

“तिथून हलव ते. आणि रिफिली गार जागी, टोक खाली करून उभ्या ठेवायच्या. ये इकडं, हात पुस आधी. युनिफॉर्मला लावशील.”

त्यांनी चिंधी दिली. मुलीनं हात पुसले आणि “थँक यू मावशी” म्हणून पळत आत गेली. त्या दिवसानंतर आतल्या रिफिली गळायच्या थांबल्या.

पुढच्या चार-सहा आठवड्यांत काय झालं ते मावशींना पेटीच्या वजनावरून कळलं. संध्याकाळी परत नेताना पेटी हलकी लागायला हवी. ती सकाळइतकीच जड लागायला लागली. मंगळवारी पेन्सिली तशाच. बुधवारी आठ नंबरचे ब्रश तसेच. गुरुवारी नकाशांची गुंडाळी न सोडताच परत. वेळापत्रक तेच होतं, फक्त ते आता आतल्या मुलांनाही पाठ होतं. शिवाय त्यांच्याकडे दोन नव्या गोष्टी होत्या. एक म्हणजे त्यांचा माल स्वस्त होता. जागेचं भाडं नाही, बसणाऱ्याला मजुरी नाही, घरी पोसायला कुणी नाही. आणि दुसरं म्हणजे, आपल्या दादा-ताईंच्या दुकानातून घ्यायचं यात लहान पोरांना मोठेपणा वाटायचा. मावशींकडून घेण्यात कसला आलाय मोठेपणा?

ठोक व्यापाऱ्याकडे त्या गेल्या तेव्हा तो नेहमीसारखा गप्प नव्हता.

“तुमच्या शाळेची पोरं येऊन गेली हो,” तो म्हणाला. “काय हुशार पोरं! तुमचं नाव सांगितलं. मी म्हटलं, मावशींची माणसं म्हणजे आपलीच. आणि शिक्षणाचं काम आहे, म्हणून दोन टक्के जास्तच सोडले.”

“मला नाही कधी सोडलेत,” मावशी म्हणाल्या.

“तुम्ही घेता डझनानं. ती घेतात पेटीनं,” व्यापारी म्हणाला. तो काही खोटं बोलत नव्हता. त्यानं मावशींना स्टूल दिलं, पाणी दिलं. त्या पाणी प्यायल्या आणि त्या दिवशी त्यांनी एकच डझन पेनं घेतली.

मग एका सकाळी त्यांनी धीर करून सरांना थांबवलं. काय बोलायचं ते त्यांनी रात्रभर घोकलं होतं, पण सर नमस्कार करून हसले आणि घोकलेलं सगळं विरघळून गेलं.

“सर, पोरांचं दुकान किती दिवस चालायचं आहे?”

“वर्षभर! फार छान चाललंय मावशी. तुम्ही जे शिकवलंत ना, त्याच्यावरच उभं आहे सगळं.”

“हो, पण मग माझ्याकडे कुणी येत नाही.”

सर क्षणभर थबकले. हा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मावशींना त्यांचीच दया आली. मग सरांचा चेहरा पुन्हा उजळला, कारण त्यांना उत्तर सापडलं होतं.

“मावशी, स्पर्धा असतेच. स्पर्धेनं माणूस सुधारतो. तुम्ही काहीतरी नवं करून बघा ना. तुमच्या टेबलाला पाटी नाही. पाटी लावा. दोन पेनांवर एक रिफिल फुकट द्या. आतल्या दुकानात नाही असं काहीतरी ठेवा. मी मुलांना सांगतो हवं तर, तुमच्यासाठी योजना बनवायला. चांगला प्रकल्प होईल!”

“नको, नको,” मावशी घाईनं म्हणाल्या. “पोरांना अभ्यास असतो.”

तरी त्यांनी पाटी केली. बाइंडरांनी जुन्या रजिस्टरचा पुठ्ठा काढला, त्यावर पांढरा कागद इतका सफाईनं चढवला की कडेला सुरकुती नाही, आणि पट्टी धरून अक्षरं आखली. ‘पेनमावशींचे दुकान. दोन पेनांवर एक रिफिल मोफत.’ डोळे अधू झालेले, त्यामुळे ‘मोफत’मधला ‘त’ कागदाच्या काठावर कसाबसा चढला होता. मावशींनी पाटी खांबाला बांधली. दहावीतली दोन पोरं जाता जाता वाचून हसली. आतल्या दुकानात एका पेनावर एक रिफिल मोफत होती.

त्यांनी आत नाही असा माल ठेवून पाहिला. केसांच्या पिना, रुमाल, बुटांच्या नाड्या. नाड्या थोड्या खपल्या. पंधरा दिवसांत जिन्याखालच्या कपाटातही नाड्या आल्या. त्या लंबूनं फाटकातून जाता-येता पाहिल्या असणार. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला पुस्तकात शिकवलं होतं की बाजारावर नजर ठेवावी, आणि तो ठेवत होता.

शेवटचा घाव मात्र दुसरीकडूनच बसला. मधल्या सुट्टीत फाटक बंद ठेवायचं अशी नोटीस निघाली. मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं असं की सगळं आत मिळत असताना पोरांनी रस्त्यावर जायचं कारण काय? रस्त्यावर गाड्या असतात. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? पहारेकऱ्यानं कडी घातली आणि गजांमधून मावशींकडे बघून तो ओशाळला.

“वरून आलंय मावशी. माझ्या हातात काही नाही.”

“मी कुठं काय म्हणते?” मावशी म्हणाल्या.

आता मधल्या सुट्टीत पोरं गजांपलीकडे खेळताना दिसायची, आणि मावशी अलीकडे बसलेल्या. एखादं ओळखीचं पोर हात हलवायचं. एकदा दुसरीतल्या एका मुलीनं गजांमधून तुटलेलं बटण आणि फ्रॉकचा कोपरा बाहेर काढला; मावशींनी गजांमधूनच ते शिवून दिलं. त्या दिवशी टेबलावरचं तेवढंच काम झालं.

घरी बाइंडर काही विचारत नसत. पेटी टेकल्याचा आवाज ऐकला की त्यांना कळायचं. एकदाच ते म्हणाले, “मी बोलायला नको होतं त्या दिवशी.”

“तुम्ही बोललात म्हणून थोडंच झालंय?”

“नाही. पण मला वाटतं, बोललो नसतो तर बरं.”

वर्ष संपत आलं तेव्हा शाळेत प्रदर्शन भरलं. प्रत्येक विषयाचं एक दालन. चष्मेवाली स्वतः येऊन मावशींना पत्रिका देऊन गेली. हातानं लिहिलेली, कडेला रंगीत वेलबुट्टी. “सर म्हणालेत, मावशी आल्याच पाहिजेत,” ती म्हणाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मावशींना आत बोलावणं आलं होतं. जायचं की नाही यावर त्या दोन दिवस घोटाळल्या. शेवटी मुलीच्या लग्नात घेतलेली साडी नेसून, फळी न मांडता रिकाम्या हातानं फाटकातून आत गेल्या. रिकामे हात कुठं ठेवावे ते त्यांना कळेना.

सरांनी त्यांना पुढं नेलं, पाहुण्यांशी ओळख करून दिली. “या आमच्या प्रकल्पाच्या पहिल्या गुरू,” असं सर मनापासून म्हणाले, आणि चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. मावशींना एक कागद मिळाला, ‘सहकार्याबद्दल आभार’. मग सर दुसऱ्या पाहुण्यांकडे धावले आणि मावशी एकट्याच भिंतीवरचे तक्ते बघत पुढं सरकल्या. विक्रीचे रंगीत खांब होते. दुकानाचे फोटो होते. आणि चौथ्या तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘आमचे स्पर्धक’.

मावशींचं वाचन सावकाश होतं. त्यांनी एकेक ओळीवर बोट धरलं नाही, पण मनातल्या मनात धरलं.

‘फाटकाबाहेरील महिला विक्रेती. वय अंदाजे ६०. बलस्थानं: ग्राहकांशी जुनी ओळख. वेळापत्रकाची माहिती. फुकट दुरुस्ती. दुर्बलता: वय. भांडवल कमी. उन्हापावसात बसावं लागतं. नवीन कल्पना स्वीकारत नाही. घरी आजारी पती, त्यामुळे जोखीम घेऊ शकत नाही. निष्कर्ष: ग्राहक मधल्या सुट्टीत बाहेर गेले नाहीत तर स्पर्धा उरणार नाही.’

खाली शिक्षकांची लाल शाईतली खूण होती आणि लिहिलं होतं, ‘उत्तम निरीक्षण’.

अक्षर चष्मेवालीचं होतं. मावशींनी ते अक्षर कुठंही ओळखलं असतं. रद्दीच्या पॅडवर त्यांनी ते चार वर्षं पाहिलं होतं. बाइंडरांच्या आजाराचं त्यांनी मुलाखतीत सांगितलं होतं का? सांगितलंच असणार. ‘घरी कोण कोण असतं?’ असा एक प्रश्न होता खरा, आणि तेव्हा वाटलं होतं की पोरगी आपुलकीनं विचारतेय. कदाचित आपुलकीनंच विचारलं असेल.

वळल्या तर मागं चष्मेवाली उभी. तिनं मावशींना वाचताना पाहिलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि ती मावशी आणि तक्ता यांच्यामध्ये येऊन उभी राहिली. आता झाकून काय उपयोग होता?

“मावशी, ते… ते पुस्तकात तसं लिहायचं असतं. रकाने दिलेले असतात.”

“बरोबर आहे,” मावशी म्हणाल्या. “खोटं काही लिहिलेलं नाहीस.”

“फाटकाचं आम्ही नाही केलं. आम्ही फक्त प्रकल्पाच्या वहीत लिहिलं होतं. बाईंनी वाचलं.”

“अक्षर छान आहे तुझं. पहिल्यापासूनच.”

एवढं बोलून त्या निघाल्या. फाटकापर्यंतची वाट त्यांना फार लांब वाटली. पहारेकऱ्याला म्हणाल्या, “फळी तुझ्याकडेच असू दे. तुला लागली तर वापर.” त्याला वाटलं, एक-दोन दिवसांसाठी म्हणत असतील.

मावशी त्यानंतर फळी मांडायला गेल्या नाहीत. शेजारच्या एका बाईच्या ओळखीनं त्यांना सरकारी रुग्णालयाच्या धुलाईखात्यात काम मिळालं, धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायचं. तळघरातली लांब खोली, वर पिवळे दिवे, हवेत गरम वाफ आणि औषधाचा वास. दोघी-दोघींनी चादर धरायची, ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं, कोपरे जुळवायचे. मावशींची जोडीदारीण ऐकायला कमी होती, त्यामुळे बोलणं नव्हतं. दिवसभरात शेकडो वेळा त्या बाईच्या चेहऱ्याजवळ जायचं आणि पुन्हा लांब जायचं. पगार महिन्याच्या महिन्याला हातात पडायचा, टेबलापेक्षा जास्तच. मुलगी फोनवर म्हणाली, “बरं झालं आई, ऊनपाऊस तरी नाही.” मावशी म्हणाल्या, “हो, ऊन तर मुळीच नाही.”

एका सुट्टीच्या दिवशी दारावर टकटक झाली. बाइंडरांनी दार उघडलं. चष्मेवाली होती, हातात एक खोकं.

“मावशी आहेत?”

तिला बसवलं. खोकं तिनं मांडीवरच ठेवलं होतं. दुकान बंद झालं, ती सांगत होती. परीक्षा जवळ आली तशी कपाटाशी बसायला कुणी तयार होईना. गुण मिळून गेले होते. लंबूनं तर आधीच सोडलं. सरांचा करार संपला. पुढच्या वर्षी ते नसणार, दुसऱ्या गावी नोकरी शोधतायत. कपाटाला कुलूप आहे. आणि ही उरलेली पेनं. सर म्हणाले कुणाला तरी देऊन टाका.

“पोरं विचारतात तुम्हाला,” ती म्हणाली. “फाटकाशी कुणीच नाही. परवा आठवीच्या परीक्षेत एका मुलाचं पेन बंद पडलं, तर तो रडायला लागला. मावशी, तुम्ही परत या ना. आता काही अडचण नाही.”

“मधल्या सुट्टीत फाटक उघडतात?”

“नाही अजून. पण आम्ही बाईंना अर्ज देऊ. मी लिहीन.”

मावशींनी तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. मुलगी खरंच वाईट वाटून आली होती, हे त्यांना दिसत होतं, आणि तेच जास्त जड जात होतं.

“अगं, तू दहावीत जाशील,” त्या म्हणाल्या. “तुझ्यामागं आता जी आठवी आहे ना, ती नववीत येईल. त्यांनाही धंद्याचा तास असेल. ते कपाटाचं कुलूप काढतील. मग मी पुन्हा फळी उचलू? माझे गुडघे आता तेवढ्या वेळा खाली-वर होत नाहीत.”

मुलीच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या. “तुम्हाला आमचा राग आला असेल.”

“आला होता,” मावशी म्हणाल्या. याआधी त्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं, बाइंडरांनाही नाही. “त्या तक्त्यावर तू एक गोष्ट चुकीची लिहिलीस. मी मघा म्हटलं नाही, त्या दिवशीही म्हटलं नाही. नवीन कल्पना स्वीकारत नाही, असं लिहिलंस. मी पाटी केली होती. नाड्या ठेवल्या होत्या. यांनी डोळ्याला दिसत नसताना अक्षरं काढली होती.”

बाइंडर खिडकीशी, पाठ करून बसले होते. त्यांची सुई थांबली होती. किती गुण मिळाले, असं मावशींनी तिला विचारलं. पंचाण्णव, ती म्हणाली, आणि मान खाली घालून रडायला लागली. मावशींनी तिला रडू दिलं. जवळ घ्यावं असं त्यांना वाटलं, पण हात उठला नाही. जाताना तिनं खोकं दाराशी ठेवलं. मावशींनी ते उचलून तिच्या हातात परत दिलं.

पुढच्या वर्षी खरोखरच नवी नववी आली, नवे सर आले, कपाटाला हिरवा रंग लागला. फाटक मधल्या सुट्टीत बंदच राहिलं. पहारेकऱ्यानं एक-दोनदा निरोप पाठवला की फळी अजून आहे. मग तोही निवृत्त झाला आणि फळीचं काय झालं ते कुणाला माहीत नाही. बाइंडर त्या हिवाळ्यात गेले. ते गेले त्या दिवशी मावशी कामावर होत्या. निरोप तळघरात पोहोचेपर्यंत दुपार झाली होती, आणि हातातल्या चादरीची घडी अर्धीच घातलेली होती. ऐकायला कमी असलेल्या त्या बाईला काही कळलं नाही, ती आपली दोन्ही टोकं धरून, मावशी पुढं येतील म्हणून वाट बघत उभी राहिली.

मावशींनी धुलाईखात्यात आणखी सहा वर्षं काढली. घरून रुग्णालयाकडे जायची सरळ वाट शाळेवरून जात होती. त्या मागच्या गल्लीनं, गोदामांना वळसा घालून जायच्या. त्याला दहा मिनिटं जास्त लागत, म्हणून त्या घरून दहा मिनिटं आधी निघत.